पहिला येईल तो

माझ्या सासूने माझ्या पोरीला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर ठेवलं, तेव्हा मी आंघोळीला गेले होते. मुलांच्या वॉर्डात आयांसाठी न्हाणीघर एकच, गरम पाणी सकाळी सहा ते साडेसहा, आणि आम्ही नऊ जणी. तीन दिवसांनी माझा नंबर लागला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर येते तर काय, एक्स-रेकडे जाणारा बोळ जिथे आडवा येतो तिथे मधोमध वॉर्डाचे डॉक्टर प्रोतिच उभे. त्यांच्या हातात माझी नेवेना, आणि सासू त्यांना कात्री देतेय.

मला वाटलं पोर गेली. दुसरं काही मनात आलंच नाही. मग नेवेना रडली आणि माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी तिच्या मानेवरची इवलीशी बट कापली, सासूने ती रुमालात बांधून छातीशी धरली आणि डॉक्टरांच्या हाताचं चुंबन घेतलं. "कूम," ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो." डॉक्टरांचे डोळे भरले होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "कुमा, आता आपण एका घरचे झालो."

आमच्याकडे ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घरात असं करतात. पोर चव्हाट्यावर ठेवायचं, आपण आडोशाला लपायचं, आणि पहिला जो येईल तो पोराचा कूम, म्हणजे मानलेला धर्मबाप; पोराची आई त्याची कुमा. मग तो कोण, कुठला, देवळात जाणारा की मशिदीत, काही बघायचं नाही. त्याने पोर उचलायचं, केसांची एक बट कापायची, की नातं जुळलं. त्याला नाही म्हणता येत नाही आणि आपल्याला पुढे जन्मभर त्याला उलट बोलता येत नाही. सख्ख्या भावाशी भांडलं तर लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. कुमाविरुद्ध गेलेल्या माणसाच्या घरी मात्र गावातलं कोणी पाणीसुद्धा पीत नाही.

माझी सासू पेर्सिदा हिचे पहिले दोन मुलगे वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा तिने त्याला गावाबाहेरच्या तिठ्यावर ठेवलं आणि स्वतः कुंपणामागे बसली. पहिला आला तो सायकलवरचा पोस्टमन. तो तिसरा मुलगा म्हणजे माझा नवरा मिओद्राग. आज नव्वद किलोचा आहे आणि लाकडाच्या वखारीत ओंडके एकटा उचलतो. सासूला वेडी म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं, तिच्या पुराव्याशीच माझं लग्न झालं होतं.

सासूची अपेक्षा होती की पहिली येईल ती झाडूवाली. सकाळी सव्वासहाला कॉरिडॉरमध्ये दुसरं कोण येणार? डॉक्टर आठला यायचे. नेमके त्याच दिवशी लवकर आले. सासूला वाटलं, देवानेच धाडले. मला वाटलं, देवाला आमचाच वॉर्ड सापडला होता का चेष्टा करायला.

कारण सासूला एक गोष्ट माहीत नव्हती. मी तिला सांगितली नव्हती, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून.

नेवेना जन्मली आणि पिवळी पडली, ते सगळ्यांचीच पडतात. पण ती पिवळीच राहिली. एकविसाव्या दिवशी मी तिचं घाण लंगोट पिशवीत घालून डॉक्टर प्रोतिचकडे घेऊन गेले. शी पांढुरकी होती, ओल्या मातीसारखी. बाळाची शी अशी नसते एवढं मलाही कळत होतं. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. "पहिलटकरीण ना?" हसून म्हणाले. "आईच्या दुधाने होतं असं. खिडकीशी उन्हात ठेवा, आणि तुम्ही झोपा जरा." मी पिशवी परत आणली आणि बाहेरच्या डब्यात टाकली. इतकी लाज वाटली होती मला, की दोन दिवस कुणाला काही विचारलं नाही.

पाचव्या आठवड्यात तिचे डोळेही पिवळे झाले, तेव्हा त्यांनी भरती करून घेतलं. म्हणाले, जंतुसंसर्ग आहे. सलाइन, इंजेक्शनं, रोज रक्त. एवढ्याशा हातावर शीर सापडेना तेव्हा डोक्यात सुई घातली. मी लोखंडी खुर्चीवर बसून रात्री काढायची, पाय सुजून सपाता घट्ट व्हायच्या. घरून डब्यात भाजलेल्या मिरच्या आणि पाव यायचा, तोही उभ्यानेच खायचा. खिडकी कुणी उघडू द्यायचं नाही, वाऱ्याचा झोत लागेल म्हणून. नऊ आया, नऊ पोरं, आणि त्या खोलीत श्वास घ्यायला हवा नाही.

डॉक्टर प्रोतिच वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं, मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. अर्ध्या जिल्ह्याची पोरं त्यांच्या हातून वाढली. फक्त एक होतं, आपल्याला कळत नाही हे त्यांना म्हणता येत नव्हतं, आणि राजधानीत, बेलग्रेडला, कुणाला विचारायचं म्हणजे त्यांची मान खाली जायची.

सत्तेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, सिस्टर ल्युबिंकाने मला चादरींच्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. "पोरी, हे मी बोलले नाही आणि तू ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "तुझ्या पोरीची पित्ताची नळी बंद आहे, मी पैज लावते. असं एक पोर मी आधी पाहिलंय. बेलग्रेडला त्याचं ऑपरेशन करतात. पण साठ दिवसांच्या आत. त्यानंतर लिव्हर जातं, मग काही कर." मी विचारलं, "हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलं?" ती म्हणाली, "दोनदा. त्यांनी मला माझी जागा दाखवली."

डॉक्टरांच्या सहीशिवाय पोर हलवायचं तर एक कागद होता. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, असा. त्यावर आई आणि बाप दोघांच्या सह्या लागत. तो कागद ल्युबिंकाने मला आणून दिला, मी सही केली आणि खिशात ठेवला. मिओद्राग रविवारी येणार होता. रविवारी सही, सोमवारी सकाळी बस, बावन्नाव्या दिवशी ऑपरेशन. मी मनात पक्कं केलं होतं. शुक्रवारी सासू आली, मला आठवडाभर हात द्यायला. आणि शनिवारी मी आंघोळीला गेले.

रविवारी मिओद्रागला मी खाली अंगणात, कॉफीच्या टपरीपाशी गाठलं. सगळं सांगितलं, लंगोट, ल्युबिंका, साठ दिवस. तो ऐकत होता, कागद वाचत होता. पेन त्याच्या हातात होतं. मग मी आदल्या सकाळचं सांगितलं. मीच सांगितलं, मूर्खासारखं, हसत हसत, आईने काय केलं बघ म्हणून.

"बट त्याने कापली?" मिओद्रागने विचारलं.

"कापली. पण त्याचा इथे काय संबंध?"

त्याने पेनाला टोपण लावलं. "मग तो कूम झाला, झिवाना."

"तो डॉक्टर आहे. आणि चुकतोय."

"परवापर्यंत डॉक्टर होता. आता कूम आहे. पोर त्याच्या हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीमागे कागद करून पळवलं, हे मी करायचं? मला चव्हाट्यावरून उचललं म्हणून मी जिवंत आहे. तू मला सांगतेस की ते खोटं?"

"मी सांगतेय की तुझ्या पोरीकडे दहा दिवस आहेत."

"मग जा आणि कुमाला सांग. आता तो आपल्या पोरीसारखं बघेल. आधी परकी होती."

त्याने कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. हळुवारपणे ठेवली, जणू मीच आजारी होते. त्याचा मला इतका राग आला की हातातली कॉफी त्याच्या बुटावर ओतावीशी वाटली. ओतली नाही.

मी कुमाला सांगितलं. ते आता दिवसातून तीनदा यायचे. त्यांच्या बायकोने विणलेले मोजे आणले, चांदीचा एवढासा क्रॉस आणून पाळण्याच्या कठड्याला बांधला. बाकी आठ आया माझ्याकडे बघायच्या, काय नशीब काढलंय बाईने. मी म्हटलं, "कूम, तिला बेलग्रेडला पाठवा. पित्ताची नळी बघू दे त्यांना." ते खुर्ची ओढून बसले, असे डॉक्टर कधी बसत नसत. "कुमा," म्हणाले, "तिथे एका वॉर्डात तीस पोरं. अशक्त पोर तिथे गेलं की तिथलेच जंतू घेऊन बसतं. माझी स्वतःची असती तरी मी पाठवली नसती, आणि आता ती माझीच आहे. अजून एक आठवडा द्या. माझं ऐका."

खरं सांगायचं तर त्यांना तसंच वाटत होतं. हेच तर वाईट. आधी ते चुकत होते तेव्हा निदान घाबरत तरी होते, आता ते प्रेमाने चुकायला लागले.

आणि मी? मी सगळ्यांची खरडपट्टी काढतेय म्हणून माझंही सांगते. बट कापल्यावर तिसऱ्या दिवशी नेवेना पोटभर प्यायली आणि सलग पाच तास झोपली. भरती झाल्यापासून तशी झोपली नव्हती. खिडकीच्या उजेडात मला तिचा रंग उजळल्यासारखा वाटला. मी सासूकडे पाहिलं, सासूने माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी ल्युबिंकाने जाता जाता विचारलं, "कागदाचं काय झालं?" आणि मी म्हटलं, "बघू. जरा बरी वाटतेय." ल्युबिंका चादरींची गाडी ढकलत पुढे गेली. पुन्हा तिने विचारलं नाही.

बेलग्रेडची बस रोज सकाळी सात-दहाला आमच्या खिडकीसमोरून सुटायची. मिओद्रागच्या सहीशिवाय पोराला शालीत गुंडाळून मी तिच्यात बसले असते, तर मला कोण खाली उतरवणार होतं? पोलीस? नवरा? पुढचं पुढे पाहिलं असतं. पण मला ती झोप मोडायची नव्हती. मला वाटायचं, असेल काही त्यात, मिओद्राग जगलाच की. साठावा दिवस आला तेव्हा मी मोजणं मुद्दाम सोडून दिलं होतं.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी कूम स्वतः बेलग्रेडला न्यायची चिठ्ठी घेऊन आले. नेवेनाचं पोट फुगलं होतं, त्यावर निळ्या शिरा दिसत होत्या. अॅम्ब्युलन्सपर्यंत त्यांनीच तिला उचलून नेलं. मिओद्रागने त्यांना मिठी मारली.

बेलग्रेडला डॉक्टर वेसोविच होत्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, तुटक बोलणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑपरेशन केलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "जे करायचं ते केलंय. पण लिव्हर कडक झालंय. तुम्ही होता कुठे इतके दिवस?" मी तोंड उघडण्याआधी मिओद्राग पुढे झाला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "आम्ही डोंगरातले लोक, डॉक्टर. आम्हाला कळलं नाही. आम्हीच उशिरा आणलं." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मी शेजारी उभी होते.

मग पाच महिने बेलग्रेड. इथे खुर्ची उघडली की पलंग होतो, एवढाच फरक. दर पंधरा दिवसांनी ताप, दर तापाला इंजेक्शनं, पोटातलं पाणी काढायचं, नाकातल्या नळीतून दूध. नेवेनाला पहिला दात वॉर्डात आला. बसायला ती वॉर्डातच शिकली, एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हाताने माझं नाक ओढत. हसते फार. अंगाला खाज सुटते म्हणून रात्रंदिवस खाजवते, मी तिच्या हातांवर मोजे चढवते, आणि ती त्या मोज्यांनीही टाळ्या वाजवायला बघते. कुणाला तरी वाटेल की मला सवय झाली असेल. सवय होत नाही, नुसतं काम वाढतं.

गेल्या मंगळवारी कूम आले. सासू नात्यातल्या एका घरी राहते आणि रोज येते, तिने त्यांच्यासाठी चीज भरलेली गरम पोळी आणली होती. वॉर्डातली एकुलती धड खुर्ची त्यांना दिली. ते नेवेनाकडे बघून रडले. नेवेनाने त्यांचा चष्मा ओढला. "ओळखते कुमाला," सासू म्हणाली.

तेवढ्यात डॉक्टर वेसोविच आल्या. नेवेनाला आता दुसरं लिव्हरच लागणार आहे, आणि त्यासाठी परदेशात कागद पाठवायचे आहेत. दुसऱ्याचं लिव्हर मिळेपर्यंत ती टिकेल की नाही हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, गोड न करता. निम्मी शक्यता, त्या म्हणाल्या होत्या. आता त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि फॉर्म उघडला. "इतिहास नव्याने लिहायचाय. शी पांढरी झाल्याचं आईने पहिल्यांदा कधी दाखवलं?"

सासूने माझ्या दंडाला चिमटा काढला. कूम घसा साफ करत म्हणाले, "डॉक्टर, मी त्यांचा तिकडचा डॉक्टर. माझ्या नोंदीप्रमाणे ऐंशीव्या दिवसाच्या सुमारास."

"एकविसाव्या," मी म्हटलं.

"झिवाना," सासू म्हणाली.

"एकविसाव्या दिवशी. पिशवीत घालून यांच्या टेबलावर ठेवलं होतं. यांनी उघडून पाहिलं नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी मला कळलं की ऑपरेशन असतं. एकोणपन्नासाव्या दिवशी हे आमचे कूम झाले."

कूम चष्मा पुसत बसले. एकदा वाटलं, म्हणतील, हो, खरं आहे. तेवढंच हवं होतं मला, बाकी काही नको. ते म्हणाले, "कुमा, तुम्ही दमलात. आता हे उकरून पोरीला काय मिळणार?"

"पोरीला काही मिळणार नाही," मी म्हटलं. "पण पुढच्या वेळी कुणी पिशवी आणली तर तुम्ही उघडाल."

ते उठले. सासूही उठली, तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या मुलाच्या घरात आता तू कोणत्या तोंडाने येशील?" मग कुमाचा कोट तिने स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगावर चढवला आणि त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेली, कारण कुमाला दारापर्यंत पोचवावं लागतं.

डॉक्टर वेसोविच लिहीत होत्या. एकविसावा दिवस, त्यांनी लिहिलं. आधीची नोंद खोडून बाजूला सही केली. इतक्या महिन्यांनी ते कागदावर उतरलं आणि मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. नेवेना माझ्या बोटाला धरून उभं राहायला बघत होती.

"अजून एक लिहा," मी म्हटलं.

"बोला."

"एकोणपन्नास ते साठ. अकरा दिवस पोराला न्यायचा कागद माझ्या खिशात होता. समोर बस होती. मला सगळं माहीत होतं, आणि मी म्हटलं, जरा बरी वाटतेय. हे लिहा."

त्यांनी पानं पुढेमागे उलटली. खरंच शोधत होत्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, याला रकाना नाही."